पुढच्या सेक्रेटरीला पेलेल अशी वेबसाइट

ब्रिटनमधल्या कुठल्याही शहरात वीस-पंचवीस मराठी घरं जमली की पुढच्या गोष्टी ठरलेल्या क्रमानं होतात. आधी व्हॉट्सॲप ग्रुप निघतो. मग कुणाच्या तरी घरी, नाहीतर भाड्याच्या चर्च हॉलमध्ये गणपती बसतो. दुसऱ्या वर्षी मंडळाची घटना लिहिली जाते, बँकेत खातं उघडलं जातं. आणि तिसऱ्या वर्षीच्या सभेत चहा घेता घेता कुणीतरी म्हणतं, ‘‘आपली एक वेबसाइट हवी बुवा.’’ सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळतात. ‘‘अरे, तू आयटीत आहेस ना? मग वेबसाइटचं तूच बघ.’’ तो बिचारा एखाद्या बँकेत टेस्टिंग करत असतो, वेबसाइट त्यानं आयुष्यात बनवलेली नसते. पण मंडळात ‘नाही’ म्हणायची पद्धत नाही.

माझं काम याच क्षेत्रातलं असल्यामुळे अशा ‘आयटीतल्या’ मंडळींचे फोन मला येत असतात. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : ‘‘ताई, कशात बनवू? वर्डप्रेस घेऊ, की साधं पीएचपी, की ते हल्लीचं स्टॅटिक का काय म्हणतात ते?’’ मी उलट विचारते, ‘‘दोन वर्षांनी तुझी बदली एडिंबराला झाली, तर हे कोण बघणार?’’ फोनवर शांतता पसरते. खरं तर निवड तिथूनच सुरू व्हायला हवी.

हे काही उगाच घाबरवण्यासाठी नाही. माझ्या ओळखीच्या एका मंडळाची साइट मोठ्या हौसेनं उभी राहिली होती. जुने दिवाळी अंक, नाटकांचे फोटो, मुलांच्या वक्तृत्व स्पर्धेचे निकाल असं सगळं तिच्यावर होतं. ती बनवणारा नोकरीनिमित्त ऑस्ट्रेलियाला गेला. डोमेनचं नाव त्याच्या वैयक्तिक ईमेलवर नोंदलेलं होतं आणि वर्षाची फी त्याच्या इथल्या बँकेच्या कार्डावरून कापली जायची. ते खातं बंद झालं, मुदत संपली, सूचनांचे ईमेल कुणी पाहिलेच नाहीत. ते नाव दुसऱ्याच कुणीतरी विकत घेतलं आणि मंडळाच्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती दिसू लागल्या. समितीला ते कळलं साताऱ्याहून. नातवाचे फोटो बघायला साइट उघडलेल्या एका आजोबांनी मुलाला फोन करून विचारलं, ‘‘काय रे, तुमच्या मंडळानं हा धंदा कधी सुरू केला?’’

पान शिजतं कुठे?

तंत्र आधी थोडक्यात, आयटीत नसलेल्यांसाठीही. आपण वेबसाइटचा पत्ता टाकतो तेव्हा दूर कुठेतरी असलेला एक संगणक, म्हणजे सर्व्हर, आपल्याला पान पाठवतो. हे पान दोन प्रकारे तयार होऊ शकतं. एक म्हणजे फराळाच्या डब्यासारखं : चकल्या-करंज्या आधीच करून ठेवलेल्या, पाहुणा आला की ताटलीत काढायच्या. दुसरं तव्यावरच्या पोळीसारखं : पाहुणा पाटावर बसला की लाटायला घ्यायची. पहिल्याला स्टॅटिक म्हणतात, दुसऱ्याला डायनॅमिक. गरम पोळीची मजा वेगळी, हे मान्य. पण त्यासाठी कुणीतरी सतत तव्यापाशी उभं राहावं लागतं, आणि गॅसही चालू ठेवावा लागतो.

टिम बर्नर्स-ली या लंडनमध्ये जन्मलेल्या शास्त्रज्ञानं जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत वेब सुरू केलं. १९९१ मध्ये ते जगासमोर आलं तेव्हाची पानं पहिल्या प्रकारची, म्हणजे साध्या एचटीएमएल फाइली होती. सर्ननं त्या पहिल्या साइटची सुरुवातीची प्रत २०१३ मध्ये मूळ पत्त्यावर पुन्हा ठेवली, आणि ती आजच्या फोनवरही सहज उघडते. त्यानंतर आलेली किती तंत्रं या काळात कालबाह्य झाली!

मग सगळ्यांनी साधं एचटीएमएलच का लिहू नये? अडचण अगदी घरगुती आहे. मंडळाच्या साइटवर समजा वीस पानं आहेत. प्रत्येकावर तीच शीर्षपट्टी, तोच मेनू, तळाशी तोच पत्ता. मेनूत ‘मराठी शाळा’ हा एक शब्द वाढवायचा तर वीस फाइली उघडायच्या. सतरा बदलल्या जातात, तीन राहून जातात. हा सामाईक भाग एकदाच लिहून सगळीकडे वापरायचा, एवढ्याच गरजेपोटी सर्व्हरकडून काही काम करून घ्यायची वेळ येते. त्याच्या वाटा चार.

चार वाटा

पहिली वाट सगळ्यात जुनी आणि सगळ्यात कमी बोलली जाणारी : इनक्लूड. मेनू एका फाइलमध्ये ठेवायचा आणि प्रत्येक पानात एक ओळ लिहायची, ‘इथे ती फाइल आण’. सर्व्हर पान पाठवताना तो तुकडा जोडून देतो. हे पीएचपीमध्ये एका ओळीत होतं. पीएचपीचा जन्मच अशा छोट्या गरजेतून झाला. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या वेबपानासाठी काही साधनं लिहिली, आणि जून १९९५ मध्ये ‘पर्सनल होम पेज टूल्स’ म्हणून सगळ्यांना खुली केली. महिना काही पौंडांत मिळणाऱ्या जवळजवळ कुठल्याही होस्टिंगवर पीएचपी आधीपासूनच असतं. वेगळा डेटाबेस नको, काही बसवणं नको.

पण याच वाटेवर एक खड्डा आहे. २००५-१० च्या सुमारास हौशी लोकांनी पीएचपीत सभासदांची यादी, गेस्टबुक, फोटो गॅलरी असं बरंच काही स्वतः लिहिलं. डेटाबेसशी बोलण्याची तेव्हाची जुनी पद्धत डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ मधून काढून टाकली गेली. होस्टिंग कंपन्यांनी आपल्या सोयीनं नवी आवृत्ती बसवली आणि एका सकाळी त्या साइट कोऱ्या दिसू लागल्या. नुसते इनक्लूड वापरणाऱ्या साइट मात्र तशाच चालू राहिल्या. सर्व्हरकडून जितकं कमी काम मागाल, तितकं पुढे मोडायला कमी उरतं.

दुसरी वाट वर्डप्रेसची. हिच्यात ब्रिटनचा वाटा आहे, हे इथल्या मराठी माणसांनाही फारसं माहीत नसतं. ह्यूस्टनला कॉलेजात शिकणारा मॅट मलनवेग आणि मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टचे माइक लिटल या दोघांनी बंद पडत चाललेलं एक जुनं सॉफ्टवेअर पुढे नेऊन २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती काढली. आज जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक वेबसाइट त्यावर चालतात. कारण साधं आहे : ज्याला ईमेल लिहिता येतो त्याला वर्डप्रेसमध्ये बातमी टाकता येते. खजिनदार काकूही फोटो चढवू शकतात.

पण ही खरी तव्यावरची पोळी. प्रत्येक पानासाठी पीएचपी चालतं, डेटाबेसकडून मजकूर आणतं, थीम लावतं. शिवाय हौसेनं घातलेले प्लगइन असतात : एक कॅलेंडरचा, एक गॅलरीचा, एक दिवाळीला पणत्या तरंगवणारा. मूळ वर्डप्रेस २०१३ पासून सुरक्षेची छोटी अपडेट स्वतःहून घेतं. प्लगइनांकडे मात्र कुणीतरी लक्ष द्यावं लागतं. पणत्यावाल्या प्लगइनच्या लेखकानं तीन वर्षांपूर्वीच काम सोडलेलं असतं, आणि चोर शिरतो तो त्याच खिडकीतून.

तिसरी वाट स्टॅटिक जनरेटरची. २००८ मध्ये आलेलं जेकिल आणि २०१३ मधलं ह्यूगो ही त्यांतली परिचित नावं. यात मजकूर साध्या फाइलींत लिहायचा, एक आज्ञा द्यायची, की हे साधन मेनू-शीर्षकासकट सगळी पानं आधीच तयार करून ठेवतं. सर्व्हरला फक्त ती वाढायची असतात. हे फार वेगवान, जवळजवळ फुकट, आणि डेटाबेसच नसल्यामुळे फोडायला फारसं काही नाही. तरुण प्रोग्रामर मंडळी हिच्या प्रेमात असतात. पण गणपतीच्या आदल्या रात्री हॉलची वेळ बदलली, साइट बनवणारा भारतात सुट्टीवर गेलेला आणि उरलेल्या समितीत ‘गिट’ हा शब्द कुणी ऐकलेला नाही, मग काय करायचं? वेळ व्हॉट्सॲपवर जाते, साइटवर जुनीच राहते आणि पन्नास माणसं दोन तास आधी येऊन थंडीत उभी राहतात.

चौथी वाट जँगो, रूबी ऑन रेल्स अशा मोठ्या चौकटींची. जँगो अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका छोट्या वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मलं आणि २००५ मध्ये जगापुढे आलं. त्याच्या दोन मूळ लेखकांपैकी सायमन विलिसन हे ब्रिटिश. साधन उत्तमच आहे. पण ते चालवायला सर्व्हरची निगा राखणारा माणूस लागतो. दहा पानांच्या साइटसाठी ते घेणं म्हणजे पाच माणसांच्या घरात लग्नाचा आचारी ठेवणं.

याशिवाय माउसनं ओढून-सोडून पान बनवून देणाऱ्या सेवा आहेत. तिथे सर्व्हरची काळजी त्यांची. घाईच्या वेळी त्या वाईट नाहीत. मात्र पैसे भरण्याआधी एवढं विचारा : उद्या निघायचं ठरलं तर आमचा मजकूर आणि फोटो बाहेर नेता येतील का? पुष्कळदा उत्तर ‘अर्धवट’ असं येतं.

सरकारी साइटचा धडा

साधेपणा म्हणजे गरिबी, असा आपल्याकडे एक समज आहे. त्यावर माझं आवडतं उत्तर म्हणजे गव्ह डॉट यूके. व्हिसासाठी, पासपोर्टसाठी, टॅक्ससाठी आपण सगळेच ती साइट वापरतो. ती ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झाली, तिनं आधीच्या दोन मोठ्या सरकारी साइटची जागा घेतली, आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या डिझाइन म्युझियमनं तिला वर्षातल्या सर्वोत्तम डिझाइनचा मान दिला. ना सरकत्या चित्रांच्या पट्ट्या, ना संगीत. पांढऱ्या पानावर काळी अक्षरं.

तिच्यामागची शिस्त आपल्या उपयोगाची आहे. पान सर्व्हरवरून निघतानाच पूर्ण वाचता येईल असं असायला हवं. ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट ही वरची फोडणी, ती नाही पडली तरी वरण खाता आलं पाहिजे. २०१३ मध्ये या लोकांनी मोजून पाहिलं. जावास्क्रिप्टचा फायदा न मिळणारे वाचक निघाले १.१ टक्के, म्हणजे साधारण ९३ मध्ये एक. त्यांतल्या फक्त ०.२ टक्के लोकांनी ती मुद्दाम बंद केली होती किंवा त्यांच्या ब्राउझरला ती चालतच नव्हती. उरलेल्या ०.९ टक्क्यांपर्यंत ती पोचायला हवी होती, पण पोचलीच नाही. नेटवर्क मधेच तुटतं, ऑफिसची फायरवॉल अडवते, जुना फोन दमतो.

आता आपल्या साइटचे वाचक डोळ्यांपुढे आणा. निम्मे बर्मिंगहॅम-लीड्समध्ये चांगल्या वायफायवर. उरलेले नाशिक, सांगली, चिपळूण, कुडाळ अशा ठिकाणी, नातवाचा जुना फोन वापरणारे, पावसात रेंज गेलेले. आजी-आजोबांना नात नाचताना बघायची असते. त्यांना कोरं पान आणि मधोमध गोल फिरणारं चक्र दाखवणारी साइट काय कामाची?

‘मराठी’ किती अक्षरांचं?

इंग्रजी साइट बनवणाऱ्यांना जी अडचण सहसा येत नाही, ती आपल्याला येते. ‘मराठी’ या शब्दात आपण तीन अक्षरं मोजतो. युनिकोडच्या हिशेबी ती पाच चिन्हं : म, र, काना, ठ, वेलांटी. साठवताना प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणजे एकूण पंधरा. बातमीचे पहिले शंभर बाइट दाखव, असं कुणी इंग्रजी हिशेबानं सांगितलं की पीएचपी मराठी शब्द मधोमध कापतं आणि शेवटी चौकोन उमटतो. त्यावर उपाय आहे, बहुबाइट अक्षरं ओळखणारी वेगळी फंक्शनं वापरायची. पण ते माहीत असावं लागतं.

मायएसक्यूएल या डेटाबेसची तर गंमतच. २०१८ मध्ये आठवी आवृत्ती येईपर्यंत त्याची मूळ ठेवण युरोपीय लिपींसाठी होती. न बदलता मराठी भरलं की प्रश्नचिन्हांची रांग उभी. त्याचं जुनं ‘यूटीएफ८’ फक्त तीन बाइटपर्यंतच जायचं. देवनागरी त्यात मावायची, इमोजीला मात्र चार बाइट लागतात. त्यामुळे कुणी ‘बाप्पा मोरया’ लिहून मध्येच हात जोडलेला इमोजी टाकला, की कित्येकदा त्यापुढचा सगळा मजकूर गायब! वर्डप्रेसनं २०१५ मध्ये हे सुधारलं. जुनी साइट नव्या सर्व्हरवर हलवताना ही तपासणी सगळ्यात आधी करा. आणि शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर असेल तर तो युनिकोडमध्ये आणून ठेवा. तो फॉन्ट नसेल तर आतमध्ये नुसती निरर्थक रोमन अक्षरं दिसतात, आणि पुढची पिढी ती कचरा समजून पुसून टाकेल.

मुलांची नावं कुठे ठेवली आहेत?

आता खरी जोखीम. मराठी शाळेच्या फॉर्ममध्ये काय असतं? मुलाचं नाव, वय, पालकांचा फोन, शेंगदाण्याची ॲलर्जी. मंडळ धर्मादाय संस्था असेल आणि गिफ्ट एड घेत असेल, तर देणगीदाराचं नाव आणि घरचा पत्ता. एका पौंडामागे सरकारकडून मिळणाऱ्या २५ पेन्सची ती अट आहे. हा सगळा मजकूर कुणीतरी हौसेनं साइटच्याच डेटाबेसमध्ये ठेवतं आणि विसरून जातं.

ब्रिटनचा माहिती संरक्षण कायदा छोट्या संस्थांनाही लागू आहे. माहिती फुटली आणि लोकांना त्यापासून धोका संभवत असेल, तर कळल्यापासून ७२ तासांच्या आत इन्फर्मेशन कमिशनरच्या कार्यालयाला सांगावं लागतं. ‘आम्ही फक्त स्वयंसेवक आहोत’ हे उत्तर तिथे चालत नाही. म्हणून माझा आग्रह असतो की, जी माहिती ठेवायची गरज नाही ती साइटवर ठेवूच नका. तिकीटविक्री तिकिटांच्या सेवेकडे, पैसे पैशांच्या सेवेकडे द्या. कार्डाचा नंबर आपल्या सर्व्हरवरून जाताच कामा नये. सभासदांची यादी वेगळी, कुलूपबंद आणि दोन जणांच्याच हाती ठेवा. हे सगळं बाहेर गेलं की साइटवर उरतात फक्त वाचायची पानं, आणि त्यांना तवा चालू ठेवण्याची गरज राहत नाही.

जुनी, न जपलेली व्यवस्था किती महाग पडते याचं मोठं उदाहरण लंडनमध्येच आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला. ऑनलाइन सूची जानेवारी २०२४ मध्ये, तीही मर्यादित रूपात, परत आली. इतर बऱ्याच सेवांना त्याहून खूप वेळ लागला. त्याच वर्षी मार्चमध्ये लायब्ररीनं स्वतःच अहवाल काढून सांगितलं की, सावरायला इतका वेळ लागण्याचं एक मुख्य कारण म्हणजे जुन्या प्रणाली. काही तर पुन्हा उभ्या करणंच शक्य नव्हतं. याच लायब्ररीत जुन्या मराठी छापील पुस्तकांचा मोठा साठा आहे आणि त्यांची ब्लूमहार्ट यांनी केलेली सूची १८९२ मध्ये लंडनला छापली गेली. ऑनलाइन सूची बंद असलेल्या त्या महिन्यांतही ब्लूमहार्टांचं पुस्तक ज्याच्या कपाटात होतं, त्याला ते उघडता येत होतं. तयार करून ठेवलेल्या पानाची ताकद ती हीच.

मग घ्यायचं काय?

माझा सल्ला असा. दहा-पंधरा पानं, वर्षातून पाच-सहा बदल, समितीत एक जण थोडंफार एचटीएमएल जाणणारा : पीएचपी इनक्लूड घ्या आणि निवांत राहा. दर आठवड्याला बातम्या, लिहिणारे तीन-चार जण, तांत्रिक कुणीच नाही : वर्डप्रेस घ्या, पण अपडेटची जबाबदारी घेणाऱ्या होस्टिंगवर. प्लगइन एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि तयार पान साठवून देणारा कॅश चालू. म्हणजे गणपतीच्या तिकिटांचा मेसेज पडताच सगळा गाव एकदम आला तरी साइट बसणार नाही. स्टॅटिक जनरेटर तेव्हाच, जेव्हा तो चालवता येणारे किमान दोघे आहेत आणि ते एकाच घरातले नवरा-बायको नाहीत! कारण बदली झाली तर दोघंही जातात. मोठ्या चौकटी नोकरीसाठी शिका, मंडळासाठी नको.

महाराष्ट्र मंडळ लंडन १९३२ सालचं. त्याची पहिली जवळपास साठ वर्षं वेब नावाची गोष्टच जगात नव्हती. संस्था टिकते ती एकानं दुसऱ्याच्या हाती वह्या, किल्ल्या आणि हिशेब नीट सोपवल्यामुळे. वेबसाइटही त्याच वह्यांमधली एक. डोमेन मंडळाच्या ईमेलवर नोंदवा, फी मंडळाच्या खात्यातून जाऊ द्या, पासवर्ड दोघांकडे ठेवा, दर तीन महिन्यांनी सगळ्या साइटची एक प्रत डिस्कवर उतरवून घ्या. आणि ‘साइटमध्ये बदल कसा करायचा’ याचं एक पान साध्या मराठीत लिहून, छापून फाइलला लावा.

यंदाच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत हिशेबाच्या खाली आणखी एक ओळ घाला : वेबसाइटच्या किल्ल्या कुणाकडे आहेत? उत्तरात एकच नाव आलं, तर दुसरं नाव ठरल्याशिवाय चहाला उठू नका.